वाचक विचारतात : "सर, अगदी माझ्या मेव्हण्यासारखं!"

प्रश्न : ताई नमस्कार. मी रिटायर्ड विज्ञान शिक्षक. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर महिन्याला कुणीतरी काहीतरी बोलतं, यावेळी माझा नंबर होता म्हणून कॉग्निटिव्ह बायस हा विषय घेतला, म्हणजे विचार करताना आपलं डोकं पुन्हा पुन्हा त्याच जागी कसं घसरतं त्यावरचं संशोधन. दोन महिने वाचलं, ३४ स्लाइड केल्या, कन्फर्मेशन बायस, अव्हेलेबिलिटी, अँकरिंग, हॅलो इफेक्ट, सगळं व्याख्येसकट. टाळ्याही पडल्या. पण नंतर चहाला जो तो येऊन सांगतोय, "सर, अगदी माझ्या मेव्हण्यासारखं!" कुणाला सून आठवली, कुणाला सोसायटीचा सेक्रेटरी. स्वतःबद्दल एक जण बोलेल तर शपथ. माझं चुकलं कुठे?
— एक वाचक, मिरज

उत्तर : सर, पत्र वाचून आधी खूप हसले आणि मग जरा ओशाळले, कारण तुमची ती यादी वाचताना माझ्याही डोळ्यासमोर माझी जाऊबाईच आली, मी नाही.

तुमचे श्रोते काही वेगळे नाहीत, यावर रीतसर अभ्यास झालाय. २००२ साली मानसशास्त्रज्ञ एमिली प्रोनिन आणि तिच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत लोकांना विचारलं की या या बायसमध्ये सरासरी अमेरिकन माणूस किती अडकतो आणि तुम्ही स्वतः किती अडकता. लोकांनी स्वतःला कमी मार्क दिले. त्यातला एक बायस तर नीट समजावून सांगितला, की लोक स्वतःला सरासरीपेक्षा चांगलं समजतात, आता तुम्ही स्वतःला दिलेले मार्क पुन्हा तपासा, तरी बहुतेकांचं म्हणणं तेच, आम्ही दिलेत ते बरोबरच आहेत. याला ब्लाइंड स्पॉट म्हणतात. म्हणजे व्याख्या पाठ करून बायस जात नाही, उलट दुसऱ्याला लावायला एक नवीन शिक्का मिळतो आणि तुम्ही तर ३४ शिक्के वाटलेत सर, एका बैठकीत!

मी आता उलटं करते. नाव सगळ्यात शेवटी, किंवा सांगतच नाही. आधी हॉलमधल्या प्रत्येकाला एकदा स्वतःच्या पायाने खड्ड्यात पडू द्यायचं. माझा आवडता खेळ मानसशास्त्रज्ञ पीटर वेसनचा आहे, १९६० चा, लंडनमधला. फळ्यावर लिहायचं २, ४, ६. सांगायचं की हे तीन आकडे माझ्या मनातल्या एका नियमात बसतात, तुम्ही दुसरे तीन आकडे सांगा, मी हो किंवा नाही म्हणेन, नियमाची खात्री झाली की बोला. लोक काय करतात? ८, १०, १२. हो. २०, २२, २४. हो. ५०, ५२, ५४. हो. आणि मग छाती पुढे काढून, "दोन-दोनने वाढत जाणारे आकडे!" तो नियमच नाही. नियम एवढाच की आकडे चढते हवेत, १, २, ९० सुद्धा चालेल. वेसनच्या प्रयोगात २९ विद्यार्थी होते, एकदाही न चुकता नियम सांगणारे फक्त ६ निघाले, कारण बाकीचे बहुतेक आपलं म्हणणं खरं ठरेल असेच आकडे विचारत बसले, "नाही" ऐकायला मिळेल असं फारसं कुणी विचारेना.

गेल्या हिवाळ्यात एका महिला मंडळात हा खेळ घेतला, वीसेक बायका, सगळ्या "हो" गोळा करण्यात रंगलेल्या, तेवढ्यात पोह्यांच्या प्लेटा मोजून एक काकू दारातून आत आल्या, आधीचं काही ऐकलेलंच नाही, मी विचारलं तर म्हणाल्या, "काय, तीन आकडे? सात, आठ, एकशेवीस." मी म्हटलं हो. सगळा हॉल गप्प. मग पहिल्या रांगेतून हळूच आवाज आला, "म्हणजे आम्ही मघापासून एकच गोष्ट विचारतोय." बास सर, माझी स्लाइड त्यांनीच म्हटली, मी नंतर फक्त याला कन्फर्मेशन बायस म्हणतात एवढं सांगितलं, आणि त्या दिवशी चहाला मेव्हणे-जावा कमी आल्या, "मी त्या औषधाच्या बाबतीत असंच केलं" असं बोलणं जास्त झालं.

अँकरिंगसाठी, म्हणजे आधी समोर आलेल्या आकड्याकडे आपला अंदाज कसा ओढला जातो ते दाखवायला, चिठ्ठ्या वाटा. टव्हर्स्की आणि कानेमान या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ च्या पेपरात लिहिलंय, त्यांनी चक्र फिरवलं, ते मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबेल असं केलेलं, आणि मग विचारलं की युनोमध्ये आफ्रिकी देश किती टक्के. १० बघितलेल्यांचा मधला अंदाज २५ आला, ६५ वाल्यांचा ४५. आता चक्राचा आफ्रिकेशी काय संबंध! पण मिरजेत आफ्रिका काढू नका, अर्ध्या चिठ्ठ्यांवर लिहा "मुंबई ते नागपूर रेल्वेने ४०० किलोमीटरपेक्षा जास्त की कमी?" आणि उरलेल्यांवर १५००, खाली दोघांनाही आपला अंदाज लिहायला सांगा (उत्तर साधारण ८४०). दोन्ही गटांचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी मांडा. मात्र संघात कुणी रेल्वेतून रिटायर झालेले असतील तर त्यांना चिठ्ठ्या गोळा करायच्या कामाला लावा, आणि माणसं दहाबाराच असतील तर हा प्रयोग करू नका, आकडे भलतीकडे गेले की आपलीच फजिती.

आणि लोक मूर्ख आहेत असा सूर नको. आपल्याकडचं चांगलं उदाहरण म्हणजे पुण्यातली फलज्योतिषाची चाचणी, जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी केलेली, २००९ मध्ये करंट सायन्स या विज्ञान नियतकालिकात छापून आली. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका घेतल्या, प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० दिल्या, ओळखा कुठली कुणाची. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. नाणं उडवून २० बरोबर यायला हव्यात, सरासरी त्याच्याही खाली राहिली, सगळ्यात जास्त आल्या त्या २४. मला यात आवडतं ते हे की कुणाची टिंगल नाही, बरोबर-चूक कसं मोजायचं ते आधी ठरलेलं, आणि "आमच्या गुरुजींनी सांगितलेलं खरं झालं" म्हणताना न जमलेली भाकितं कोण मोजतं हा प्रश्न ऐकणाऱ्यालाच पडतो.

तेव्हा सर, पुढच्या वेळी दोन खेळ आणि एक गोष्ट, बाकी ३१ स्लाइड घरी. आणि मेव्हण्यांनाही बोलवा की.

प्रश्न : ताई, मी आशा वर्कर आहे. गावात बायकांना कॅन्सरच्या तपासणीबद्दल सांगते. एखादीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की ती लगेच सगळं संपलं म्हणून रडते, नाहीतर दुसरी म्हणते रिपोर्ट खोटेच असतात. टक्केवारी सांगून बघितली, डोक्यावरून जाते.
— एक वाचक, जालना जिल्हा

उत्तर : ताई, डॉक्टरांच्याही डोक्यावरून जाते! जर्मनीतले मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर यांनी १६० स्त्रीरोगतज्ज्ञांना मॅमोग्राफीचे (स्तनाच्या कॅन्सरसाठी काढतात त्या एक्स-रेचे) टक्के देऊन विचारलं की पॉझिटिव्ह आलेल्या बाईला खरंच कॅन्सर असण्याची शक्यता किती. बरोबर उत्तर फक्त २१ टक्के जणांना आलं. तीच माहिती टक्के काढून माणसांच्या हिशोबात सांगायला शिकवल्यावर ८७ टक्क्यांना आलं.

माणसांचा हिशोब म्हणजे असा. समजा काही त्रास नसलेल्या, नुसत्या तपासणीला आलेल्या १००० बायका आहेत. त्यातल्या १० जणींना कॅन्सर आहे, त्यांपैकी ९ जणींचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो. उरलेल्या ९९० जणींना काही नाही, पण त्यातल्याही ८९ जणींचा पॉझिटिव्हच येतो. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या झाल्या ९८, त्यात खरा आजार ९ जणींना. हे तोंडी सांगू नका, ताटात करून दाखवा. ८९ हरभरे मोजून टाका, त्यात ९ काळे वाटाणे मिसळा, झाले ९८ दाणे (साबुदाणा घेऊ नका, उडतो आणि मोजताना जीव जातो). रडणाऱ्या बाईला म्हणा, यातला एक दाणा तू आहेस, बघ काळे किती. आणि जी म्हणते रिपोर्ट खोटे तिला तेच ताट दाखवून सांगा, काळे आहेत ना, मग तुझा दाणा कुठला ते बघायला पुढची तपासणी करायलाच हवी. आकडे सगळीकडे हेच नसतात, गाठ हाताला लागली असेल तर हा हिशोब लागूच नाही, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांना विचारून ताट भरा.

"दुप्पट" हा शब्दही असाच जपून वापरा. १९९५ साली इंग्लंडमध्ये जाहीर झालं की नवीन गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. बायकांनी घाबरून गोळ्या सोडल्या. खरं काय होतं तर ७००० बायकांत आधी एकीला व्हायचं, आता दोघींना. पण पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले. बातमी खोटी नव्हती हो, फक्त कितीतल्या किती ते सांगितलं नाही.

प्रश्न : मॅडम, मी एमएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इन्स्टावर सायकॉलॉजीचे रील करते. कमेंटमध्ये एकाने लिहिलं की हे सगळे प्रयोग नंतर खोटे निघालेत. आता काय करू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सगळे नाही गं, काही. म्हातारपणाचे शब्द वाचून लोक हळू चालायला लागतात, असा १९९६ चा एक गाजलेला प्रयोग होता, २०१२ मध्ये ब्रसेल्सच्या संशोधकांनी वेळ मोजायला सेन्सर लावून पुन्हा केला तर ते दिसेना. खुद्द कानेमाननी २०१७ मध्ये कबूल केलं की अशा छोट्या छोट्या प्रयोगांवर आपण जरा जास्तच विश्वास टाकला. नोबेल मिळालेला माणूस हे उघडपणे म्हणाला, मला तर यावरच एक रील बघायला आवडेल. दुसऱ्या बाजूला २०१४ मध्ये मेनी लॅब्स म्हणून प्रकल्प झाला, ३६ ठिकाणी मिळून ६००० वर लोक, जुन्या प्रयोगांतले १३ परिणाम पुन्हा तपासले, त्यातले १० टिकले. अँकरिंग तर मूळ प्रयोगापेक्षाही जोरात आलं. झेंडा किंवा नोटांचं चित्र दाखवून लोकांची मतं बदलतात, ते दोन पडले, उरलेल्या एकाला जेमतेम आधार मिळाला.

त्या कमेंटवाल्याला ब्लॉक करू नकोस. ती कमेंट पिन कर, खाली लिही कुठला प्रयोग टिकला आणि कुठला पडला. आणि पडलेल्यावर तुझे जुने रील असतील तर गुपचूप डिलीट करू नकोस, त्यावरच "हे आता असं मानत नाहीत" असं लिही. व्ह्यूज जातील थोडे.