बिंदूपुढचं पाणी आणि 'स्फटिकजल'

फोंड्याच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात अमोनिया ओतून, वरून अल्कोहोल सोडून गडद निळे स्फटिक केले. अहवाल मराठीत लिहायचा आहे. सूत्राच्या शेवटी बिंदू देऊन पाण्याचा एक रेणू दाखवतात, [Cu(NH₃)₄]SO₄·H₂O असा, त्याला 'स्फटिकजल' म्हणायचं ना?

म्हटलं तर चूक नाही. पण 'स्फटिकजल' हा हिशेबाचा शब्द आहे. स्फटिकात पाण्याचे किती रेणू आहेत ते तो सांगतो, ते कुठे बसलेत ते नाही.

आधी मोरचूदच बघा. कुळागर (पोफळीची बाग) असलेल्या घरात ते ओळखीचंच: पोफळीची फळं कुजवणाऱ्या कोळेरोगावर फवारायला 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. मोरचुदात पाच रेणू स्फटिकजल, हे आपण शाळेत घोकलेलं. 1934 मध्ये बीव्हर्स आणि लिप्सन यांनी क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडली, तेव्हा पाचांतले चारच रेणू तांब्याभोवती चौकोनात बसलेले निघाले. वर आणि खाली सल्फेटचे ऑक्सिजन. पाचवा तांब्याला शिवतसुद्धा नाही, तो हायड्रोजन बंधांवर मध्येच अडकलेला. नाव मात्र पाचांनाही एकच!

तुमच्या स्फटिकात नेमकं उलटं आहे. चौकोनाचे चारही कोपरे अमोनियाने घेतलेत आणि बिंदूपुढे लिहिलेला तो एकुलता रेणू तांब्याच्या माथ्यावर, पिरॅमिडच्या टोकाशी बसतो. तांबं-नायट्रोजन अंतर सुमारे 2.05 अँगस्ट्रॉम (अणूंमधली अंतरं मोजायचं एकक), तांबं-ऑक्सिजन त्याहून बरंच जास्त, सुमारे 2.3. बंध सैल, पण आहे. म्हणून रचनेबद्दल लिहिताना तो रेणू चौकटी कंसाच्या आत घ्या, [Cu(NH₃)₄(H₂O)]SO₄ असा, आणि सरळ 'तांब्याला जोडलेलं पाणी' म्हणा. 'स्फटिकजल' वजनाच्या आकडेमोडीपुरतं ठेवा.

अशा संयुगाला (complex) 'जटिल संयुग' चालेल. 'लिगंड' (धातूला जोडलेला रेणू किंवा आयन) मात्र तसाच राहू द्या. हिंदी पुस्तकांतलं 'उपसहसंयोजन' (coordination) मराठीत आणण्याची मला तरी गरज वाटत नाही, वाचणारा त्यातच अडकून पडतो.

आणि हो, हे स्फटिक ओव्हनमध्ये वाळवू नका. पाण्याबरोबर अमोनियाही निघून जाईल, मग कुठला शब्द वापरायचा हा प्रश्नच उरणार नाही.