तेल यायच्या आधीचा किनारा बघून ठेव

अगं, तुझा मेसेज वाचला आणि खूप बरं वाटलं. ऑइल स्पिलच्या इम्पॅक्ट असेसमेंटला, म्हणजे समुद्रात तेल सांडल्यावर काय नुकसान झालं ते मोजायच्या कामाला, मनापासून येणारी पोरं कमी असतात, आणि आपला किनारा तर एवढा लांब. तू विचारलंस की कुठलं मॉडेलिंग सॉफ्टवेअर आधी शिकू. शीक, नक्की शीक. वाऱ्याच्या वेगाच्या साधारण ३ टक्क्यांनी तवंग ढकलला जातो, त्यात भरती-ओहोटीचा प्रवाह मिळवायचा, हे गणित तुला यायलाच हवं. पण त्यातून एवढंच कळतं की तेल कुठे जाईल. तुला सांगायचंय ते तेलामुळे काय बिघडलं, आणि त्यासाठी तेल यायच्या आधी तिथे काय होतं हे कुणीतरी लिहून ठेवलेलं लागतं. बहुतेक वेळा ते कुणीच लिहिलेलं नसतं, आपल्या कामातली सगळ्यात मोठी अडचण हीच.

मुंबईचंच घे. ७ ऑगस्ट २०१० ला बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ३ ही जहाजं आदळली, सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेलं, कंटेनर पडले ते वेगळेच, आणि काही कंटेनरांत कीटकनाशकं होती. आता तारीख नीट बघ. भर पावसाळा, आणि अमावस्या दोन-तीन दिवसांवर आलेली, म्हणजे पाणी उधाणाचं. अशा पाण्याबरोबर तेल कांदळवनात एरवी पोचत नाही इतकं वर जातं, ओहोटीला पाणी निघून जातं पण तेल मुळांवर आणि चिखलावर बसून राहतं, आणि पुढे भांगाच्या, म्हणजे छोट्या भरतीच्या दिवसांत तिथवर पाणीच चढत नाही म्हणून धुतलंही जात नाही. तिवराची श्वसनमुळं चिखलातून वर आलेली असतात, त्यांच्यावरच्या बारीक छिद्रांतून झाड हवा घेतं, ती छिद्रं तेलाने बुजली की झाड लगेच मरत नाही, आधी पानं पिवळी पडतात, गळतात, आणि कधी कधी झाड वाळायला महिने लागतात. म्हणून पहिल्या आठवड्यात जाऊन 'झाडं हिरवी आहेत' असं लिहिणाऱ्याला काहीच दिसलेलं नसतं. आणि खेकड्यांची बिळं विसरू नकोस, त्यांतून तेल खाली उतरतं जिथे प्राणवायू नाही, आणि तिथे ते वर्षानुवर्षं तसंच राहू शकतं.

आता खरा पेच. मुंबईचं बंदर आणि ठाण्याची खाडी तेलाच्या आधी स्वच्छ होती का? नाही ना. रिफायनऱ्या, जेट्ट्या, बोटींच्या तळाशी साचणारं तेलकट बिल्जचं पाणी, शहराचे नाले, सगळं तिथेच येतं. मग वर्षभराने चिखलात हायड्रोकार्बन, म्हणजे तेलातली रसायनं, सापडले तर ते कुणाचे? एक गट म्हणणार हे तर आधीपासूनच होतं, दुसरा म्हणणार सगळं त्या जहाजाचं, आणि दोघांकडेही आधीचा आकडा नसेल तर दोघंही हवेत बोलतायत. इथे फिंगरप्रिंटिंग, म्हणजे तेलाची ओळख पटवणं, कामाला येतं. तेलात होपेनसारखे बायोमार्कर, म्हणजे ओळख सांगणारे रेणू, असतात जे उन्हाने, जिवाणूंनी सहजासहजी तुटत नाहीत, आणि त्यांचं एकमेकांशी प्रमाण प्रत्येक तेलाचं वेगळं असतं. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या लोकांनी पावसाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यावर येणारे डांबराचे गोळे याच पद्धतीने तपासले आणि काहींचा माग मुंबईसमोरच्या बॉम्बे हाय तेलक्षेत्रातल्या तेलापर्यंत, काहींचा टँकरच्या टाक्या धुतलेल्या पाण्यापर्यंत लावला. पण हे जमायला जहाजाच्या टाकीतला नमुना हातात हवा. तो पहिल्याच दिवशी मागून घे, नंतर मिळत नाही.

कंट्रोल साइट, म्हणजे तुलनेसाठी तेल न पोचलेली जागा, निवडताना सिंधुदुर्गातली एखादी सुंदर स्वच्छ खाडी घेऊन मुंबईशी तुलना करू नकोस, त्यातून फक्त मुंबई घाण आहे एवढंच सिद्ध होईल. तसाच चिखल, तशीच खारटपणाची चढउतार, तसंच सांडपाणी, फक्त हे तेल पोचलेलं नाही, अशी जागा शोध, आणि एक नाही, तीन-चार शोध. आणि ऋतू! पावसाळ्यात खाडीच्या तळाचे जीव असेही कमी होतात, गोडं पाणी येतं, गाळ येतो. ऑगस्टचे नमुने जानेवारीच्या जुन्या रिपोर्टशी ताडून पाहिलेस तर पावसाचं खापर तेलावर फोडशील आणि कोर्टात समोरचा वकील पाच मिनिटांत तुला गप्प करेल.

बेसलाइन, म्हणजे तेलाआधीची नोंद, नसेल तर काय? मग तेच मॉडेल उघड, पण वेगळ्या कामासाठी. तेल उद्या कुठल्या किनाऱ्याला लागणार हे कळलं की आज रात्री तिथे पोच. तेल लागायच्या आधीचे ते काही तास म्हणजे तुझी बेसलाइन. सगळी टीम जिथे काळं दिसतंय तिकडे धावत असते, तू दोन माणसं घेऊन जिथे अजून काहीच दिसत नाही तिथे जा. यासाठी वरिष्ठांशी भांडावं लागलं तरी भांड.

नमुने काचेच्या बाटलीत, प्लास्टिकमध्ये अजिबात नाही, झाकणाला आतून टेफ्लॉन किंवा सॉल्व्हंटने धुतलेली फॉइल, लगेच बर्फात. आपल्या बोटीचं डिझेलपण तेलच आहे, त्यामुळे पाणी पुढच्या टोकाकडून घे, इंजिनकडून नाही. बाटली कुणाच्या हातातून कुणाकडे गेली त्याची सही-तारीख-वेळ. हे कंटाळवाणं वाटेल, पण आरएके कॅरियर हे कोळशाचं जहाज ऑगस्ट २०११ मध्ये मुंबईसमोर बुडालं आणि राष्ट्रीय हरित लवादाने १०० कोटींच्या भरपाईचा आदेश दिला तो २०१६ मध्ये. पाच वर्षांनी कुणी विचारलं तर तुझ्या बाटलीला उत्तर देता आलं पाहिजे.

मासे तपासताना एक लक्षात ठेव. माशाचं यकृत तेलातली पीएएच नावाची विषारी रसायनं बऱ्यापैकी मोडून टाकतं, त्यामुळे मांसात काही सापडलं नाही म्हणजे मासा तेलात पोहलाच नाही असं होत नाही, त्याच्या पित्तात बघ. तिसऱ्या, कालवं यांना ते नीट जमत नाही, त्यांच्यात ते साठत जातं. आणि हीच कालवं फोडायला, तिसऱ्या वेचायला बायका ओहोटीला चिखलात उतरतात. त्यांचा माल बंदरावर उतरत नाही, तिथेच आसपास विकला जातो, म्हणून तो उत्पादनाच्या सरकारी आकड्यांत दिसत नाही, आणि आकड्यात नाही म्हणून भरपाईतही नाही. मला याचा फार राग येतो. त्या मावश्यांकडे जाऊन बस, कुठल्या जागी किती मिळायचं ते विचार, लिहून घे. बोटींसाठी मच्छीमारांच्या सोसायटीत डिझेलच्या कोट्याची नोंद असते, त्यावरून किती बोटी खरंच समुद्रात गेल्या ते कळतं, ती बघ.

पहिल्या दिवशी जाहीर झालेल्या आकड्यावर काहीही उभं करू नकोस. मेक्सिकोच्या आखातात २०१० ला डीपवॉटर होरायझन ही तेलविहिरीची रिग फुटली तेव्हा आधी दिवसाला १,००० बॅरल म्हणाले, मग ५,०००, आणि शेवटी अंदाज ६० हजारांच्या घरात गेला. आणि टीव्हीवर दिसणाऱ्या इंद्रधनुषी तवंगाने फसू नकोस, तो ५ मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, खरं तेल त्या काळ्या-तपकिरी जाड पट्ट्यांत असतं.

आणि काम घाईने बंद करू नकोस. अलास्कात एक्सॉन वाल्डेझ हे तेलाचं जहाज १९८९ ला खडकावर चढलं. किनाऱ्याच्या दगडगोट्यांखाली तेल राहिलं, तिथले सी-ऑटर, म्हणजे समुद्री पाणमांजरं, शिंपले उकरायला तिथेच खणत राहिले, आणि सगळ्यात जास्त फटका बसलेल्या भागात त्यांची संख्या पूर्ववत व्हायला जवळजवळ २५ वर्षं लागली. आपल्याकडे रिपोर्ट सहा महिन्यांत मागतात. दे, पण त्यात स्पष्ट लिही की हा अंतरिम आहे आणि पुढची पाच वर्षं याच जागी याच महिन्यात परत जायचंय, त्याचा खर्च इतका.

साफसफाईचाही असेसमेंट कर, हे बहुतेक लोक सोडूनच देतात. १९६७ ला टोरी कॅन्यन या टँकरचं तेल सांडलं त्या वेळी इंग्लंडच्या किनाऱ्यावर इतकी विषारी डिटर्जंटं ओतली की खडकांवरचे जीव तेलापेक्षा त्यांनीच जास्त मेले. कांदळवनात गमबूट घालून पन्नास माणसं उतरवली तर ती तेल पायांनी चिखलात दाबतात. कुठे माणसं शिरली, किती वेळ होती, याचा नकाशा ठेव.

तुझ्या टीमचा स्टेशनांचा, म्हणजे नमुने घ्यायच्या जागांचा, नकाशा तयार झाला की मला पाठव, मी कंट्रोल साइट्स आधी बघेन. आणि स्पिलची वाट बघत बसू नकोस, या नोव्हेंबरात पाऊस सरला की तुझ्या जवळच्या खाडीतल्या चिखलाचे नमुने उचलायला लाग.