परदेशात लाच देणं गुन्हा आहे, हे जगाने कधी आणि कसं ठरवलं?

ठरवलं म्हणण्यापेक्षा ठरवणं भाग पडलं. आपल्याच देशातल्या अधिकाऱ्याला लाच देणं बहुतेक ठिकाणी आधीपासून गुन्हा होता. तुम्ही विचारताय ती दुसऱ्या देशाच्या अधिकाऱ्याला दिलेली लाच मात्र धंद्याचा खर्च समजली जायची. जर्मनीत तर १९९९ पर्यंत ती खर्चात दाखवून करसुद्धा वाचवता यायचा!

वॉटरगेट या अमेरिकेतल्या राजकीय घोटाळ्याच्या चौकशीत अमेरिकी कंपन्यांचे गुप्त निधी उघडे पडले. पुढे ४०० हून जास्त कंपन्यांनी संशयास्पद पैसे वाटल्याची कबुली दिली. लॉकहीड या अमेरिकी कंपनीच्या विमानांच्या सौद्यात लाच घेतल्याच्या आरोपावरून जपानचे माजी पंतप्रधान काकुएई तानाका १९७६ मध्ये गजाआड गेले. १९७७ मध्ये अमेरिकेने परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्याविरुद्ध कायदा केला.

इथपर्यंत नीतीची गोष्ट. पुढे हिशोब आला, आणि माझ्या मते खरं काम त्यानेच केलं. अमेरिकी कंपन्या ओरडू लागल्या की आमचे हात बांधलेत आणि युरोपातले स्पर्धक मोकळे आहेत. मग कायदा मागे घ्यायचा की इतरांच्या गळ्यातही बांधायचा? १९८८ मध्ये अमेरिकी संसदेने दुसरा मार्ग धरला आणि ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या देशांशी तसा करार करण्यासाठी सरकारच्या मागे लागली. संयुक्त राष्ट्रसंघातला आधीचा प्रयत्न बारगळला होता. शीतयुद्ध संपल्यावर वारं फिरलं. १९९३ मध्ये ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल ही भ्रष्टाचाराविरुद्ध काम करणारी संस्था स्थापन झाली. भ्रष्टाचार हा राजकीय विषय म्हणून टाळणाऱ्या जागतिक बँकेच्या अध्यक्षांनी, वुल्फेन्सन यांनी, १९९६ मध्ये त्याला उघडपणे कर्करोग म्हटलं. १९९७ मध्ये ओईसीडीचा करार झाला, २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचा.

सह्या करायला काय जातं, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण ओईसीडीच्या करारात सदस्य देश एकमेकांची तपासणी करतात आणि अहवाल जाहीर होतो. ब्रिटनने २००६ मध्ये बीएई या शस्त्रास्त्र कंपनीच्या सौदी व्यवहारांची चौकशी गुंडाळली, तेव्हा तपासणी करणाऱ्या याच देशांच्या गटाने त्यांना जाहीरपणे धारेवर धरलं. २०१० मध्ये ब्रिटनला लाचविरोधी नवा, बराच कडक कायदा करावा लागला. चारचौघांत मान खाली जाण्याची भीती सरकारांनाही असते.

ती कायम टिकतेच असं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी १९७७ च्या त्याच कायद्याच्या अंमलबजावणीला तात्पुरती स्थगिती दिली. कारणही जुनंच, आमच्या कंपन्या स्पर्धेत मागे पडतात. पुढच्याच महिन्यात ब्रिटन, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या तपास यंत्रणांनी लाचखोरीविरुद्ध संयुक्त कृतिदल जाहीर केलं.