टेलिकन्व्हर्टर घेण्याआधी

तुमच्याकडे १००-४०० मिमीची झूम लेन्स आहे आणि भिगवणचे फ्लेमिंगो फ्रेममध्ये ठिपक्याएवढे येतात, म्हणून थेट २एक्स टेलिकन्व्हर्टर (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी, लेन्सची पोच दुप्पट करणारी जोड-लेन्स) घ्यायचं म्हणताय. थांबा जरा.

१.४एक्स लावला की ४००चे ५६० मिमी होतात, पण एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड जातो: लेन्सचं तोंड (अ‍ॅपर्चर) एफ/५.६चं एफ/८ होतं. २एक्सने ८०० मिमी मिळतील खरे, पण एफ/११वर. पहाटेच्या होडीत, पाणी हलत असताना, १/१००० सेकंद शटर ठेवायचा तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढली की फोटोत दाणे येतात) कुठे जाईल बघा! शिवाय जुन्या डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात) एफ/८च्या पुढे ऑटोफोकस बहुधा हातच टेकतो, एफ/८लाही अनेकदा फक्त मधला फोकस पॉइंट चालतो. आरसा नसलेल्या मिररलेसमध्ये हा त्रास बराच कमी.

आणि कन्व्हर्टर लेन्सचे दोषही मोठे करून दाखवतो. मूळ झूम शेवटच्या टोकाला मऊ, म्हणजे कमी धारदार असेल, तर त्यापेक्षा फोटो क्रॉप केलेला बरा.

विकत घेण्यापूर्वी कंपनीची सुसंगत लेन्सची यादी वाचाच. बऱ्याच कन्व्हर्टरची पुढची काच बाहेर आलेली असते, नको त्या लेन्सला लावली तर मागच्या काचेवर आपटते. कॅननच्या आरएफ १००-५००वर तर तो लावल्यावर ३००च्या खाली झूमच येत नाही.

मी स्वतः २एक्स घेऊन वर्षभर कपाटात ठेवला, शेवटी विकला. १.४एक्स मात्र बॅगेत कायम. त्याचा एक फायदा कुणी सांगत नाही: जवळचं फोकस-अंतर बदलत नाही, त्यामुळे फुलपाखरं छान मोठी येतात.

सकाळी दहानंतर पाण्यावरची हवा थरथरायला लागली की मात्र काढून ठेवा.