वाचकांचे प्रश्न : कमी पैशांतलं जंगल

प्रश्न : जुन्या इंग्रजी जंगलपटांत नायक झुडपाआडून बघतो आणि पुढच्या शॉटमध्ये सिंह, हरणं दिसतात. हे प्राणी दुसऱ्याच चित्रपटातले असतात म्हणे. ते ओळखायचं कसं? (वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : बहुतेक वेळा तसंच असतं. आफ्रिकेत जाऊन शूटिंग करणं एखाद्याच मोठ्या स्टुडिओला परवडायचं. एमजीएमने 'ट्रेडर हॉर्न'साठी (१९३१) युनिट आफ्रिकेत नेलं आणि तिथलं फुटेज १९३२च्या 'टारझन द एप मॅन'मध्येही वापरून घेतलं. छोट्या कंपन्यांना तयार फुटेजवरच भागवावं लागे. मोनोग्रामच्या 'बॉम्बा' मालिकेत (१९४९ ते १९५५, १२ चित्रपट) 'आफ्रिका स्पीक्स' (१९३०) मधले प्राणी पुन्हा पुन्हा भेटतात. 'द व्हाइट गोरिला'ने (१९४५) तर कमाल केली. १९२७च्या 'पेरिल्स ऑफ द जंगल' या मूक सिरियलचे लांबलचक तुकडे त्यात घातलेत आणि नवा नायक ते झाडामागून नुसता बघत राहतो. अठरा वर्षांपूर्वीच्या पात्रांना तो मदत तरी कशी करणार?

सगळ्यात आधी दाणा, म्हणजे फिल्मवरच्या चित्रातले बारीक ठिपके, बघा. उसनं फुटेज प्रिंटवरून पुन्हा निगेटिव्ह काढून वापरलेलं असे. अशा प्रत्येक पिढीत दाणा जाड होतो, काळा रंग अधिक काळा होतो आणि मधल्या करड्या छटा उडतात. नायकाचा चेहरा मऊ आणि लगेच पुढचा सिंह खरखरीत दिसला, की जोड सापडली. मग सावल्यांची दिशा तपासा. नायकाची सावली लांब आणि हरणांची पायाशी असेल, तर दोन वेगळ्या वेळा आहेत.

तिसरी खूण वेगाची. मूकपट साधारण सेकंदाला १६ फ्रेमने घेतलेला असेल आणि २४ने चालवला, तर मिनिटाचा प्रसंग ४० सेकंदांत उरकतो, माणसं तुरूतुरू पळतात. ते टाळायला लॅबमध्ये दर दुसरी फ्रेम दोनदा छापत. वेग बरोबर येतो, पण हालचालीला बारीक झटके बसतात. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये ई ही कळ दाबत एकेक फ्रेम पुढे न्या. दर तिसरी फ्रेम आधीच्या फ्रेमसारखीच निघाली तर हाच प्रकार. मात्र फाइल २४ फ्रेमचीच हवी. टीव्हीसाठी ३०ची केलेली असेल तर त्यात आणखी फ्रेम दुणावलेल्या असतात आणि हिशेब चुकतो.

हे शोधताना संकलकाबद्दल आदर वाढतो. नायकाची नजर, पान हलणं, एक आवाज, एवढ्याच भांडवलावर त्याने दोन खंड जोडलेले असतात.

प्रश्न : त्या चित्रपटांतले आफ्रिकी हत्ती आपल्याकडच्यासारखे का वाटतात? (वाचक, ऐरोली)

उत्तर : कारण ते आपल्याकडचेच. माणसाळलेले, शिकवलेले आशियाई हत्ती अमेरिकेत सहज मिळत. टारझनपटांत त्यांना मोठे नकली कान लावले जात. कान लपवता येतात, पाठ लपवता येत नाही. आशियाई हत्तीची पाठ वर फुगलेली आणि डोकं हा अंगाचा सर्वांत उंच भाग. आफ्रिकी हत्तीची पाठ मध्ये खोलगट आणि खांदा उंच. सोंडेचं टोक जवळून दिसलं तर आणखी सोपं: आशियाई हत्तीला बोटासारखा एकच उंचवटा, आफ्रिकीला दोन.

'द जंगल' (१९५२) जरूर मिळवा. अमेरिकेची लिपर्ट कंपनी आणि सेलमची मॉडर्न थिएटर्स यांनी तो मिळून केला, दिग्दर्शक विल्यम बर्क. शूटिंग भारतातलं, आणि त्यातले मॅमथ म्हणजे लोकरीचे झगे चढवलेले हत्ती.

प्रश्न : 'जंगल जिम' मालिकेत चित्रपट १३ की १६? (वाचक, वाशी)

उत्तर : दोन्ही आकडे बरोबर. नट जॉनी वाइसम्युलरने निर्माते सॅम कॅट्झमनसाठी कोलंबिया स्टुडिओत १९४८ ते १९५५ या काळात १६ चित्रपट केले. जिमचे हक्क टीव्ही मालिकेकडे गेल्यामुळे शेवटच्या तिन्हींत नायकाचं नावच जॉनी वाइसम्युलर आहे, म्हणून जिमचे १३.

प्रश्न : सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांना हे चित्रपट दाखवावेत का? (वाचक, नेरूळ)

उत्तर : आधी स्वतः पूर्ण बघा. आफ्रिकी माणसं यांत हमाल नाहीतर भाले नाचवणारी टोळी म्हणूनच येतात. त्यांना नाव नसतं, बोलणं नसतं. हे खोटं आणि अपमानास्पद आहे, आणि मुलांना ते चित्रपटाआधीच सांगायला हवं. नंतर सांगितलं तर तोवर मनात ठसलेलं असतं. आठ वर्षांखालच्यांसाठी हे चित्रपट नकोतच.

प्रश्न : कॉलेजसाठी पाच मिनिटांचा कृष्णधवल जंगलपट मोबाइलवर करायचाय. येऊरला शूटिंग करावं का? (विद्यार्थी गट, ठाणे पश्चिम)

उत्तर : येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय तिथे शूटिंग नको, आणि अंधार पडल्यावर तर मुळीच नको, बिबटे आहेत. खाडीकाठी करणार असाल तर खारफुटीची एक फांदीही तोडू नका, तिला कायद्याचं संरक्षण आहे.

खरं तर सोसायटीची बाग पुरते. १० ते १२ कुंड्या जमवा: अरेका पाम, अळू, केळ. तोडलेल्या फांद्या उन्हात तासाभरात माना टाकतात आणि शॉट जुळत नाहीत, म्हणून कुंड्याच बऱ्या. जंगल तीन थरांत मांडा. लेन्सपासून फूटभरावर एकदोन पानं, ती धूसरच दिसू देत. नट सहासात फुटांवर. त्याच्या मागे पंधरा फुटांवर दाट कुंड्या, आणि इमारत दिसत असेल तिथे गडद हिरवी किंवा काळी चादर. मोबाइल २एक्सवर (दुप्पट झूमवर) ठेवला की थर एकमेकांजवळ येतात आणि झाडी दाट भासते. मागच्या फांद्यांना दोरी बांधून एकाने हळूहळू ओढत राहायचं. पानं स्थिर राहिली की सेट लगेच कळतो. त्याच कुंड्यांमधून नटाला उलट दिशेने चालवलं की दुसरी वाट तयार. एडिटिंगमध्ये शॉट आडवा उलटवणार असाल तर केसांचा भांग आणि घड्याळाची बाजू सांभाळा.

रात्र दिवसाच घ्या. सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर, सूर्य नटाच्या पाठीमागे ठेवून. आकाश फ्रेममध्ये येऊ देऊ नका. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा उजेड, दीड ते दोन स्टॉप खाली आणून लॉक करा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). लॉक विसरलात तर नट सावलीत शिरताच मोबाइल स्वतःच उजेड वाढवतो आणि रात्रीची दुपार होते. कृष्णधवल करताना लाल वाढवून निळा आणि हिरवा कमी करा: पानं काळपट होतात, चेहरा उठून दिसतो. लाल फार वाढवलात तर ओठ पांढरे पडतात, तिथे थांबा.

आवाज उसने घेऊ नका. हॉलिवूडने आफ्रिकेच्या जंगलात ऑस्ट्रेलियाचा कुकाबुरा बसवला आणि तो तिथे कायमचा राहिला. तुम्ही पहाटे आसपासचे तांबट, कोतवाल दहा मिनिटं सलग रेकॉर्ड करा. रिक्षांची वर्दळ सुरू व्हायच्या आत, आणि माइकवर फोमची टोपी घालून, नाहीतर वाऱ्याची घरघर काढता येत नाही.