आधी तीन ठोकळे, मग स्नायू

मालवणात राहून कॅरेक्टर स्कल्प्टिंग, म्हणजे कॉम्प्युटरवर पात्रांचे थ्रीडी पुतळे घडवणं, जमेल का, असं विचारलंस. जमेल. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर फुकट आहे, साधा पेन टॅब्लेट पुरतो.

स्नायूंची नावं पाठ करत बसू नकोस. आधी डोकं, बरगड्यांचा पिंजरा आणि कटी (कमरेचा हाडांचा भाग) हे तीनच ठोकळे, आणि ते एकमेकांशी कसे कललेत तेवढं बघ. उंची साधारण साडेसात डोकी, म्हणजे डोक्याच्या उंचीच्या साडेसात पट धर. मध्य बेंबीवर नाही, जांघेपाशी येतो. इथेच बहुतेकांचे पाय आखूड होतात. मग कातडीखाली हाताला लागणारी हाडं शोध: गळ्याची हाडं, कोपर, गुडघ्याची वाटी, घोटे. आतला घोटा बाहेरच्यापेक्षा वर असतो. आत्ताच स्वतःचा पाय बघ!

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- पहिल्याच दिवशी सबडिव्हिजन (मॉडेलच्या जाळीची बारीक विभागणी) वाढवून कातडीची छिद्रं कोरणं
- फक्त समोरून बघणं
- प्रत्येक स्नायू फुगवणं

आणि तुझ्याकडे जे आहे ते शहरातल्या पोरांकडे नाही. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना माणसांच्या पाठी बघ. हात वर गेला की खांद्याचं पातंही फिरतं, सरकतं. नवख्यांच्या मॉडेलमध्ये ते जागचं हलत नाही. फोटो मात्र विचारून काढ. गणपतीच्या शाळेतही (मूर्ती घडवतात तिथे) जाऊन बस, मूर्तिकार चहूबाजूंनी कसं बघतात ते शिक. (प्रमाणं तिथून उचलू नकोस, बाप्पाचा हिशेब वेगळा.)

रीटोपॉलॉजी (मॉडेलची जाळी नव्याने नीट बांधणं), रिगिंग (हालचालीसाठी आत सांगाडा बसवणं) नंतर. सध्या नुसतं धड कर, चेहऱ्याला हात लावू नकोस.