५० हजारांच्या आत पक्षीनिरीक्षणासाठी कोणता स्पॉटिंग स्कोप घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की ८×४२ ची दुर्बीण आहे, थंडीत भिगवण आणि नांदूर मधमेश्वरला जाणं होतं, डोळ्यांना चष्मा आहे आणि बजेट ४५ ते ५० हजार आहे. दुकानदार २०-६०×८० चा (म्हणजे २० ते ६० पट मोठं दाखवणारा, ८० मिमी भिंगाचा) स्पॉटिंग स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवर लावून एका डोळ्याने बघायची दुर्बीण, घ्या म्हणतोय, कारण झूमही जास्त आणि भिंगही मोठं. माझं मत वेगळं आहे. ६५ मिमीचा, ईडी काचेचा (रंगांची किनार कमी करणारी काच), अँगल्ड (डोळा लावायचं टोक वर वळलेला) स्कोप घ्या आणि एकूण पैशांतला निदान तिसरा हिस्सा ट्रायपॉड आणि त्याच्या हेडसाठी बाजूला ठेवा. साध्या काचेचा ८० मिमीचा स्कोप या रकमेत आरामात बसतो, तरी मी तो घेणार नाही.

आधी एक गोष्ट तपासा: तुम्ही पक्षी बघता कुठून? भिगवणला बहुतेक जण नावेतून फिरतात. नावेत स्कोपचा काडीचा उपयोग नाही. पाणी शांत असलं तरी नाव हलते आणि २० पट मोठं दिसणारं चित्र २० पट हलतं. तिथे तुमची ८×४२ च बरी. स्कोप कामाला येतो तो काठावर उभं राहिल्यावर: उजनीच्या फुगवट्याच्या कडेला, नांदूर मधमेश्वरच्या मनोऱ्यावर, अलिबागजवळ आक्षीच्या किनाऱ्यावर, ऐरोलीला ठाण्याच्या खाडीकाठी. ताम्हिणी किंवा फणसाडच्या झाडीत फिरणं हाच तुमचा मुख्य छंद असता, तर स्कोप घेऊ नका असं सरळ सांगितलं असतं. पानांमागे एका फांदीवरून दुसरीवर उडणारा पक्षी स्कोपमध्ये सापडेपर्यंत निघून जातो. फोटो हीच मुख्य आवड असेल, तरी स्कोपला मोबाइल लावण्यापेक्षा निकॉन पी९५० सारखा लांब झूमचा कॅमेरा जास्त समाधान देईल. पण तुम्हाला पाणपक्षी निवांत बघायचेत, ओळखायचेत, मोजायचेत. त्यासाठी स्कोपला पर्याय नाही.

स्कोपने नेमका काय फरक पडतो ते एका उदाहरणाने सांगतो. उजनीच्या चिखलात जानेवारीत टिलव्यांचे (इंग्रजीत स्टिंट) थवे असतात. दुर्बिणीतून ते सगळे सारखे दिसतात, चिमणीएवढे तपकिरी ठिपके, सतत चोच मारत पळणारे. स्कोप २५-३० पटीवर लावला की त्यांतला एखादा वेगळा वागतोय हे लक्षात येतं. तो थव्यापासून बाजूला, गवताच्या कडेने, अंग चोरून हळूहळू चालत असतो. मग पाय बघायचे. लिटल स्टिंटचे पाय काळे, टेमिंक्स स्टिंटचे हिरवट पिवळे. पाय चिखलाने माखलेले असतील तर छातीकडे बघायचं. टेमिंक्सची छाती मळकट तपकिरी आणि एकसारखी असते, लिटल स्टिंटची बरीच पांढरी. हे एकदा स्वच्छ दिसलं की पुढच्या वेळी चालीवरूनच संशय येतो. गळ्यात क्रमांकाची पट्टी असलेला पट्टकादंब (बार-हेडेड गूज) किंवा पायात रंगीत झेंडी असलेला किनाऱ्यावरचा पक्षी दिसला, तर तो क्रमांक वाचणंही स्कोपशिवाय जवळजवळ अशक्य. मंगोलियात पट्टी घातलेले पट्टकादंब भारतात दिसले आहेत, त्यामुळे असा एक वाचलेला क्रमांक फार मोलाचा असतो.

आता ६० पटीबद्दल. समोरच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागलं की आयपीसमधून, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगातून, डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ८० मिमीचा स्कोप २० पटीवर ४ मिमीचा झोत देतो, ६० पटीवर जेमतेम १.३ मिमीचा. ६५ मिमीचा स्कोप १६ पटीवर ४ मिमी आणि ४८ पटीवर १.३५ मिमी. म्हणजे झूमच्या दोन्ही टोकांना दोघांचा उजेड जवळपास सारखाच, फक्त मोठ्या भिंगाला पट थोडी जास्त मिळते. समान पटीवर ८० मिमीचं भिंग दीडपट प्रकाश घेतं, हे खरं. युरोपातल्या ढगाळ हिवाळी संध्याकाळी तो फरक मोलाचा. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी आभाळ निरभ्र असतं आणि सकाळी साडेसातनंतर उजेडाची तक्रार उरतच नाही.

आपली खरी अडचण उजेडाची नाही, उन्हाची आहे. ऊन चढलं की तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरायला लागते. गरम आणि थंड हवेचे थर प्रकाश वेगवेगळा वाकवतात आणि सगळं चित्र पाण्याखाली असल्यासारखं लहरतं. पट वाढवली की ही थरथरही तेवढीच वाढते. फेब्रुवारीत नऊ-साडेनऊनंतर लांबवरचा पक्षी बघताना ३० च्या वर जाऊन काही फायदा होत नाही, पिसांचा तपशील पुसलाच जातो. कडबनवाडीसारख्या माळरानावर भोवत्या (हॅरियर) बघताना हे आणखी लवकर सुरू होतं. जगातला सर्वांत महागडा स्कोपही यावर इलाज करू शकत नाही. म्हणून जी पट आपण क्वचितच वापरणार, तिच्यासाठी जास्त पैसे आणि जास्त वजन का घ्यायचं? तुमचा बहुतेक वेळ २० ते ३५ पटीतच जाणार आहे. तेवढ्या टप्प्यात चित्र लख्ख असणं महत्त्वाचं.

लख्खपणा येतो तो काचेतून. साध्या काचेत वेगवेगळ्या रंगांचे किरण एकाच जागी जुळत नाहीत, त्यामुळे उजळ पाण्यावरच्या काळ्या पक्ष्याच्या कडेला जांभळी-हिरवी किनार दिसते. पाणकावळा, वारकरी, चमच्याची काळी चोच, अशा ठिकाणी ती फार जाणवते. ईडी काच ही किनार बरीच कमी करते. पट वाढवली की फरक आणखी उघड होतो. साध्या काचेचा ८० मिमीचा स्कोप ४० पटीच्या पुढे धूसर होतो, ईडीचा ६५ मिमीचा ४५ पर्यंत टिकतो. तुमच्या बजेटमध्ये याहून मोठा फरक पाडणारं एकच काही आहे, ते म्हणजे ट्रायपॉड.

ट्रायपॉडवर लोक पैसे वाचवतात आणि मग स्कोपला दोष देतात. फोटोच्या दुकानात दोन-तीन हजारांना मिळणारा हलका ट्रायपॉड स्कोपसाठी नाही. काठावर वारा सुटला की तो थरथरतो आणि ३० पटीवर टिलव्याचे पायच काय, टिलवाही दिसत नाही. पाय जाड नळीचे हवेत, सांधे घट्ट, आणि मधला दांडा वर न काढता स्कोपचा आयपीस तुमच्या डोळ्याशी यायला हवा. मधला दांडा वर काढला की अर्धी स्थिरता गेली. हेड व्हिडिओचं, फ्लुइड पद्धतीचं घ्या. बॉल हेड नको. पोहणाऱ्या तलवार बदकामागे हळूच सरकत जायचं तर एका हाताने, झटका न बसता फिरणारं हेडच लागतं. वारा जास्त असेल तर पाय आखूड करून खाली बसा आणि पाठीवरची सॅक ट्रायपॉडच्या मधोमध टांगा.

अँगल्ड घ्या म्हणतोय, म्हणजे आयपीस ४५ अंशात वर वळलेला, त्याचंही कारण ट्रायपॉडशीच जोडलेलं आहे. वरून वाकून बघायचं असल्यामुळे ट्रायपॉड कमी उंच चालतो, म्हणून तो जास्त स्थिर राहतो. शिवाय उंच माणसाने लावलेला स्कोप लहान मुलालाही बघता येतो. तुम्ही एकटे जात असाल तरी काठावर स्कोप लावला की गावातली पोरं गोळा होतातच. त्यांना फ्लेमिंगोची वाकडी चोच पाण्यात उलटी फिरताना दाखवा, ती जागा जपणारे पुढचे लोक तेच आहेत. अँगल्डमध्ये सुरुवातीला पक्षी सापडत नाही, हे खरं. झूम नेहमी सर्वांत कमी पटीवर आणून ठेवा, आधी नुसत्या डोळ्यांनी पक्ष्याजवळची एखादी खूण धरा, मग नळीच्या कडेवरून नेम धरून बघा. थोड्या सरावाने हात बसतो.

चष्म्यासाठी आय रिलीफ बघा. आयपीसपासून किती अंतरावर डोळा ठेवून पूर्ण चित्र दिसतं, तो हा आकडा. १५ मिमीपेक्षा कमी असेल तर चष्म्यातून तुम्हाला चित्राचा फक्त मधला गोल दिसेल. झूम आयपीसमध्ये हा आकडा पटीप्रमाणे बदलतो, म्हणून कागदावर विसंबू नका, स्वतःचा चष्मा लावूनच बघा.

आता नावं. सेलेस्ट्रॉनचा रीगल एम२ ६५ईडी, १६-४८ पटीचा, तुमच्या गरजेला सर्वांत जवळचा. ईडी काच, मॅग्नेशियमची बॉडी, आणि फोकस दोन वेगांचा, म्हणजे आधी भरभर जवळ आणायचं आणि मग बारीक जुळवायचं. ही सोय एकदा वापरली की सोडवत नाही. व्होर्टेक्सचा डायमंडबॅक एचडी १६-४८×६५ ही दुसरी चांगली निवड. त्याचा फोकस नळीभोवतीचं जाड कडं फिरवून होतो, थंडीत हातमोजे असले तरी जमतं. बसचा प्रवास आणि पायपीट जास्त असेल तर कोवाचा टीएसएन-५०१ बघा: २०-४०×५०, वजन फक्त ४०० ग्रॅम. त्याला मध्यम ट्रायपॉडही पुरतो. पहाटे आणि सांजवेळी मात्र तो लवकर अंधारा होतो. सेलेस्ट्रॉनचा अल्टिमा ८० स्वस्त आहे आणि ३५ पटीपर्यंत चालून जातो, पण तुमच्याकडे त्याहून जास्त पैसे असताना तिथे थांबू नका. भाव दुकानागणिक बदलतात आणि आयात मालाचे तर महिन्यागणिक, म्हणून आकडे देत नाही. रीगल आणि चांगला ट्रायपॉड मिळून बजेटच्या बाहेर जात असेल, तर ट्रायपॉड तोच ठेवून स्कोप एक पायरी खाली घ्या. उलटं करू नका.

अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाकडून मागवणार असाल तर वॉरंटी भारतात कोण सांभाळणार ते आधी विचारा. बिघडलेला स्कोप परत तिकडे पाठवायचा खर्च मोठा असतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. या किमतीच्या स्कोपमध्ये एकाच मॉडेलचे दोन नग सारखे नसतात. एक उत्तम निघतो, दुसऱ्याची भिंगं किंचित तिरकी बसलेली असतात. म्हणून शक्यतो दुकानात जाऊन, ट्रायपॉडवर लावून, रस्त्याकडे नाही तर दूरच्या स्थिर वस्तूकडे बघून घ्या. लांबच्या दुकानाची पाटी चांगली. सर्वांत जास्त पटीवर न्या आणि फोकस हळूहळू पुढेमागे करा. चांगल्या नगात अक्षरं एका नेमक्या जागी झटकन स्पष्ट होतात आणि त्या जागेच्या दोन्ही बाजूंना सारखीच पुसट होतात. ती नेमकी जागा सापडतच नसेल, 'हेच असेल बहुतेक' असं वाटत राहिलं, तर तो नग परत ठेवा आणि दुसरा मागा. मग आभाळासमोरची एखादी वायर बघा, जांभळी किनार किती ते कळेल. पट बदलताना चित्र बाजूला सरकतंय का, आत धूळ किंवा बुरशीचे जाळीदार डाग आहेत का, हेही बघा. दुकानाच्या काचेतून बघून निर्णय घेऊ नका, खिडकीची काच चित्र खराब करते. ऑनलाइन घेणार असाल तर हीच तपासणी घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, हवा थंड असताना गच्चीवरून करा, परत करायची मुदत संपायच्या आत.

पावसाळ्यात स्कोप कपाटातल्या कापडी पिशवीत ठेवू नका. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, कोकणात राहत असाल तर हे टाळूच नका. आत नायट्रोजन भरलेला असला तरी बाहेरच्या भिंगावर बुरशी येतेच. आक्षीहून आल्यावर खारे शिंतोडे ओल्या फडक्याने पुसा. भिगवणच्या धुळीसाठी आधी ब्लोअर, मग कापड.

वापरलेला स्कोप मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही, वरच्या सगळ्या तपासण्या त्यालाही लागू. शिवाय झूमचं कडं पूर्ण फिरवून कुठे अडकतंय का ते बघा. नवीन घेतलात तर नग सदोष निघाल्यास बदलून देऊ, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या.